जाताना तुझा, येताना माझा

सुमे, तुझं तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात मी आपला नियम मोडला. बेळगावला जाताना माझ्या रस्त्याने गेलो. तू असतीस तर बेंगळूर सोडायच्या आत, हेब्बाळच्या आधीच गाडी बाजूला घेऊन, किल्ली काढून, हाताची घडी घालून बसली असतीस.

लिहायला बसलोय ते तुझ्या थोरल्या भावामुळे, अण्णामुळे. परवा येऊन म्हणाला, "भावजी, आपल्या बेंगळूरच्या मराठी समाजाच्या अंकात सुमीवर चार ओळी लिहा की." चार ओळींत तू मावशील असं त्याला अजून वाटतं. जन्म, शिक्षण, शाळेतली नोकरी, महिला मंडळ हे सगळं त्याने स्वतःच लिहून काढलंय, ते पहिल्या पानावर येईल. मला जे सांगायचंय ते तुला सांगायचंय. बाकीच्यांनी वाचलं तर वाचू दे. तुझी अशा बाबतीत कधी हरकत नसायची. टोल नाक्यावरच्या अनोळखी पोरीलाही तू आपल्या घरातल्या गोष्टी सांगायचीस आणि मागचे ट्रक हॉर्न वाजवत राहायचे.

नियम ठरला तो नवा रस्ता सुरू झाला त्या वर्षी. त्याआधी भांडायला जागाच नव्हती, कारण रस्ता एकच होता. पुणे-बेंगलोर रोड, वाटेतल्या गावांच्या तोंडी पी. बी. रोड. तुमकूर, शिरा, चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी, हुबळी, धारवाड करत, अख्खं राज्य तिरपं कापत तो बेळगावला यायचा आणि जाताना प्रत्येक गावाच्या अंगणातून जायचा. मग तो चार पदरी झाला. मधल्या मोकळ्या रानात जुन्याच्या अंगावरच नवा बसला, आणि गाव जवळ आलं की नवा रस्ता बाहेरून वळसा घेऊन, भरावावर चढून पुढे निघून जायला लागला. जुना उरला तो फक्त गावांपुरता, तुकड्या-तुकड्यांनी. हे वळसे काढणाऱ्यांत मी होतो. हावेरी ते हरिहर या पट्ट्यावर ठेकेदाराचा साइट इंजिनियर म्हणून माझी उमेदीची वर्षं पत्र्याच्या खोलीत गेली, आणि तू इकडे बेंगळूरला शाळा, लेक आणि माझे आईवडील सांभाळलेस.

म्हणून मला वाटलं होतं की रस्ता पुरा झाल्यावर तू निदान एकदा तरी "छान झालाय" म्हणशील. आपण मोठ्या हौसेने निघालो. गाडी अर्थात तू चालवत होतीस. रस्ते बांधणाऱ्याला गाडी चालवता येत नाही हा तुझ्या माहेरचा आवडता विनोद, आणि तुला तर अण्णाने लग्नाआधीच हेब्बाळच्या तळ्याच्या बांधावर गाडी शिकवलेली. शिऱ्याचा वळसा आला. मी म्हटलं, सरळ घे. तू डावीकडे वळवून गावात शिरलीस. चित्रदुर्गला तेच. दावणगेरेला मी चिडलो. अख्खं जग ज्याच्यासाठी टोल भरतं तो रस्ता सोडून तू बैलगाड्या आणि भाजीच्या हातगाड्यांमधून गाडी काढत होतीस. तू म्हणालीस, "अवो, वरून जायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. गावं दिसाया नकोत का?" मी म्हटलं, मग मी पाच वर्षं काय झक मारली तिथे? त्यावर तू स्वल्प विचार केलास. हा कानडी 'स्वल्प', म्हणजे जरा, तुझाच, माझ्या बेळगावी तोंडात तो तुझ्यामुळे आला. मग म्हणालीस, "सरी. जाताना माझा रस्ता, येताना तुमचा. बिडा आता तो विषय."

बिडा म्हणजे सोडा म्हणालीस, विषय कुठला सुटतोय. पण नियम मात्र आपण पाळला. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आणि दिवाळीला, दरवर्षी, जाताना तुझा आणि येताना माझा.

तुझ्या रस्त्यावर तुझं तोंड चालू आणि माझे डोळे मिटलेले. आणि प्रत्येक गावात शिरलीस की काच खाली करून कुणाला तरी विचारायचीस, "पी. बी. रोड कुठे हो?" माणूस गोंधळून पायाखाली बघायचा. "हाच की." "हाच का? बरं बरं." मग त्याच्या मागून विचारपूस, पाऊस झाला का, जत्रा कधी, इथली ती शेंगाचटणी करणारी बाई अजून असते का. मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. ज्या रस्त्याचा इंच न् इंच मी मोजलेला, त्या रस्त्यावर उभं राहून माझी बायको रस्ता विचारतेय. एकदा तुला तसं बोललोही. तू म्हणालीस, रस्ता विचारल्याशिवाय माणूस बोलत नाही.

मी झोपलोय असं तू धरून चालायचीस. मध्येच विचारायचीस, "झोपलात का?" मी उत्तर द्यायचो नाही. मग तू स्वतःशीच बोलत राहायचीस. या वळणावर आपली बस बंद पडली होती. या शाळेच्या मैदानात लेकीला उलटी झाली होती. हरिहरच्या पुलावर तुझी चप्पल पडली ती नदीनं नेली. सुमे, मी झोपलेला नसायचो. सगळं ऐकायचो. डोळे मिटलेले असले की तू थांबत नाहीस हे मला लवकर कळलं होतं.

आणि माझ्या रस्त्यावर उलटं. येताना हावेरी मागे पडली की मला आपोआप बोलायला यायचं. रस्त्याखालची ही मोरी बांधताना खालून झरा लागला. या पुलाच्या खांबाला पावसाळाभर पाणी उपसत बसलो. हा भराव तीनदा खचला, चौथ्यांदा बसला तो अजून बसलाय. तू समोर बघत "हं, हं" करायचीस आणि गाडी इतकी हळू चालवायचीस की ट्रकवाले खिडकीतून हात काढून काहीबाही बोलून जायचे. चार पदरी रस्ता आणि आपली बैलगाडी. मी म्हणायचो, अगं दाब की जरा. तू म्हणायचीस, "या रस्त्यावर झोप येते मला, जोरात नको." मला वाटायचं, मुद्दाम करतेस. माझ्या रस्त्याला जोर आहे हे तुला कबूल करायचं नाही म्हणून करतेस. तुमच्या घराण्यात तीनशे वर्षांपूर्वी जो कुणी मराठी मुलखातून इकडे आला तो हट्टानेच आला असणार, आणि तो हट्ट वाटणीत तुझ्याकडे आला.

आपलं खरं भांडण पारक्कावरून होतं. तेही राहिलंच.

लग्नानंतर पहिल्यांदा तुला बेळगावला नेत होतो तेव्हा राणेबेन्नूरच्या पुढे लाल बस पंक्चर झाली. समोर चिंचेचं झाड, झाडाखाली एक चहाचं हॉटेल, आणि हॉटेलात चुलीपुढे तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच हळदीच्या अंगाची एक नवी नवरी. पार्वती, म्हणजे पारक्का. मराठी बोलणारं घर. तुमच्या दोघींच्या मराठीत एवढं अंतर होतं की मला हसू यायचं, पण चाक बसेपर्यंत तुम्ही एकमेकींच्या सासवांचे स्वभाव सांगून मोकळ्या झाला होता. तू चहा पीत नाहीस म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. पुढच्या खेपेला तू बेंगळूरहून कॉफीची पूड आणि एक छोटा पितळी फिल्टर घेऊन गेलीस, तो तिने फळीवर ठेवला. तेव्हापासून त्या हॉटेलात एकच कॉफी होते, आणि ती तुझी. दरवर्षी ताजी पूड तू न्यायचीस.

मग आमचा वळसा आला. पारक्काच्या गावाला बगल देऊन रस्ता शेतांच्या पलीकडून गेला. थांबणाऱ्या बसेस गेल्या, ट्रक गेले, चिंचेखालची बाकडी रिकामी झाली. तू म्हणालीस, तुमच्या रस्त्याने पारक्काचं गिऱ्हाईक नेलं. मी म्हणालो, रस्ता गावातूनच रुंद केला असता तर तिचं हॉटेल आणि ते झाड दोन्ही गेलं असतं, आम्ही वळसा काढला म्हणून वाचलं. आणि तिच्या दारातून पोरं शाळेला जायची ती ट्रकच्या मधून पळत जायची हे तू विसरलीस का? तू विसरली नव्हतीस. पण म्हणालीस, "झाड ठेवलात, पण सावलीत बसणारे नेलात." मी किती वेळा ते भांडण मनात पुन्हा मांडलं, आणि दर वेळी माझंच बरोबर निघतं. आजही माझं मत तेच आहे. पालथ्या घड्यावर पाणी म्हण हवं तर.

दवाखान्यातल्या त्या आठवड्याबद्दल मी लिहिणार नाही. एकच लिहितो. तुझ्या खिडकीतून हेब्बाळचा उड्डाणपूल दिसायचा, त्याच्यावर संध्याकाळी गाड्यांची अशी रांग की एकही हलत नाही. तू बराच वेळ बघत होतीस. मग म्हणालीस, "अवो, तो तुमचा आहे का?" मी म्हटलं, नाही गं, आमचा नाही. "बरं झालं," म्हणालीस आणि हसलीस. त्यानंतर आपण फार बोललो नाही. मी बोलायला हवं होतं. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी खुर्चीत बसून पुलाकडे बघत होतो. सुचलं ते उशिरा, वरातीमागून घोडं.

तेराव्यानंतर लेक परत गेली. बेळगावहून माझ्या अक्काचा फोन आला. तिचे गुडघे गेलेत, तिला येणं शक्य नव्हतं. म्हणाली, "तूच ये बाबा, तुला एकदा बघू दे." मी निघायची तयारी केली आणि तुझ्या कपाटात कॉफीच्या पुडीचं पाकीट सापडलं. आजारी पडायच्या आधीच तू आणून ठेवलेलं, वर रबर लावून. ते पिशवीत घातलं.

गाडीला नागराज म्हणून ड्रायव्हर मिळाला. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, देवनहळ्ळीकडचा. वडिलांच्या द्राक्षबागेत प्लॉट पाडून लेआउट झाला, तेव्हापासून गाडी चालवतो. बोलका आहे. तुमकूरच्या आधीच त्याने आपली सगळी हकीकत सांगितली आणि मग माझी वाट बघत बसला. शिऱ्याला विचारलं, "सार, गावातून घेऊ की वरून?" मी म्हटलं, वरून.

कारण गावातून म्हणजे पारक्का. तिला काही माहीत नव्हतं. फोन करता आला असता, केला नाही. तिच्याकडे तो नातवाच्या हातात असतो, आणि ही गोष्ट नातवाच्या तोंडून तिच्या कानावर पडावी असं वाटलं नाही. ही झाली सबब. खरं हे की तिला सांगितलं की मग सांगायचं कुणी उरत नाही. बेंगळूरमध्ये सगळ्यांना कळलं होतं, बेळगावात कळलं होतं. मध्ये त्या एका हॉटेलात तू अजून होतीस, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात येणार होतीस आणि फिल्टर फळीवर होता. तेवढं राहू द्यावंसं वाटलं.

म्हणून माझ्या रस्त्याने गेलो. राणेबेन्नूरच्या पुढे भरावावरून चिंचेचा शेंडा दिसतो. मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघितलं. पुढे माझ्या मोऱ्या आल्या, माझे पूल आले, खचलेला आणि बसलेला तो भराव आला. नागराज म्हणाला, "रस्ता छान आहे सार, कुणी बांधला असेल?" मी हं म्हणालो. माझ्या रस्त्यावरून मी पहिल्यांदाच एक अक्षर न बोलता गेलो.

अक्काने मला जवळ बसवून पाठीवरून हात फिरवला. रडणं झालं, जेवण झालं. मग तिने पहिला प्रश्न विचारला, "ती पारक्का काय म्हणाली रे?" तू अक्काला तिच्याबद्दल इतकं सांगून ठेवलेलं की कधी न भेटता ती तिला ओळखते. मी म्हटलं, थांबलो नाही. अक्का म्हणाली, "आता गणपती आलेत. ती बाई रोज रस्त्याकडे बघत असेल. सुमीला असं ताटकळत ठेवलेलं चाललं असतं का?"

परतताना हावेरी मागे टाकली तसं मी नागराजला म्हटलं, आता एका गावात आत घ्यायचं. तो म्हणाला, कुठून उतरायचं ते सांगा सार. आणि सुमे, मला ते येईना. आजवर तिथे उतरवलंस ते तू, आणि तेही उलट्या बाजूने येताना, आणि माझे डोळे मिटलेले. ज्या वळशाचे नकाशे मी काढले त्यातून गावात उतरायची फट मला सापडेना. एकदा पुढे गेलो, वळून मागे आलो, सर्व्हिस रोडला लागलो आणि एका गोठ्यापाशी रस्ता संपला. शेवटी कुठून तरी गावात शिरलो, एका कापडाच्या दुकानासमोर काच खाली केली आणि पायरीवर बसलेल्या म्हातारबाबांना विचारलं, "पी. बी. रोड कुठे हो?" त्यांनी पायाखाली बघितलं. "हाच की." मी म्हटलं, हाच का, बरं बरं. आणि माझ्याच नकळत पुढे विचारलं, "यंदा पाऊस बरा झाला का?" म्हातारबाबा उठून गाडीपाशी आले. पावसाचं सांगितलं, मग मुलाचं सांगितलं, मग पारक्काच्या हॉटेलापर्यंत सोबत येतो म्हणाले. त्यांना कसंबसं थांबवलं.

पारक्का बाहेरच होती, बाकड्यावर शेंगा सोलत. गाडी थांबली तशी तिने आधी ड्रायव्हरच्या सीटकडे बघितलं. तिथे नागराज. मग मागचं दार उघडून मी उतरलो. तिने माझ्या मागे बघितलं. हातातलं सूप खाली ठेवलं.

"एकटंच आलासा?"

वाटेत मी दहा प्रकारे वाक्य जुळवलं होतं. त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "पारक्का, सुमी गेली." आणि पुडीचं पाकीट तिच्यापुढे धरलं, जसं काही ते द्यायलाच आलो होतो.

तिने पाकीट घेतलं, वास घेतला, पदरात धरून बसून राहिली. मला बसा म्हणाली. मी शेजारच्या बाकड्यावर बसलो. समोरून रस्त्यावर एक पोर सायकल शिकत होतं, पडत होतं, पुन्हा चढत होतं. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. बऱ्याच वेळाने पारक्काने डोळे पुसले आणि विचारलं, "जाताना वरनं गेलासा न्हवं?"

"तुला कसं कळलं?"

"कळलं न्हाई. इचारलं."

मी हो म्हटलं. सांगायला धीर झाला नाही असंही म्हटलं. तिने मान हलवली, उठली, फळीवरचा फिल्टर काढला, तुझ्या पुडीचं रबर सोडलं. मी चहा पिणारा, पण नको म्हटलं नाही. पाणी उकळेपर्यंत ती पाठमोरी होती. मला त्या शांततेत काहीतरी बोलायलाच हवं असं वाटलं आणि तोंडून आलं ते नेमकं तेच जुनं रडगाणं. म्हटलं, माझा रस्ता तिला शेवटपर्यंत आवडला नाही बघ. तुझं गिऱ्हाईक गेलं म्हणून.

"कोण म्हणालं?"

"तीच म्हणायची."

"तुमास्नी म्हणायची." पारक्का वळली. "मी तिला कितीदा म्हटलं, जाताना तू घाईत असतीस, येताना बी येत जा की गं, निवांत बसूया. तर न्हाई. म्हणायची, येताना नको, पारक्का. येताना त्या रस्त्यावर ते बोलतात."

मी बाकड्यावर पुढे सरकलो.

"घरात बोलत न्हाईत, म्हणायची. सणावाराला बोलत न्हाईत, माहेरी आले तर भिंतीला टेकून बसतात. त्या रस्त्याला लागलं की मग सुरू. ही मोरी आणि तो खांब. मला त्यातलं काय बी कळत न्हाई, पण आवाज आयकत गाडी हळू चालवते. लौकर घर याया नको." पारक्काने पेला माझ्यापुढे ठेवला. "म्हणून मी बी मग तिला बोलवायचं सोडलं. म्हटलं, एवढं एक तिचं हाय, तर असू दे."

कॉफी कडू होती. मी सगळी प्यालो. रिकामा पेला पारक्काने माझ्या हातातून काढून घेतला.

सुमे, बैलगाडीबद्दल मी तुला किती बोललो. दाब की, दाब की म्हणून मागे लागलो. मला वाटायचं की येताना माझा रस्ता ही तू मला दिलेली भीक आहे, भांडण मिटवण्यासाठी टाकलेला तुकडा. तो तू स्वतःसाठी मागून घेतला होतास हे मला कधी कळलं नाही. तू सांगितलंही नाहीस. सांगितलं असतंस तर मी ओशाळून गप्प बसलो असतो, हे तुला माहीत असणार. तू बरोबर केलंस. तुझा राग येतो आणि तू बरोबर केलंस.

निघताना पारक्काने कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. फिल्टर नेता का म्हणाली. मी म्हटलं, राहू दे फळीवर, दिवाळीला येईन तेव्हा प्यायला लागेल. ती म्हणाली, "पूड आणा मग." झाडाखाली नागराजला तिने जबरदस्तीने जेवायला बसवलं होतं, तो हात धुऊन आला. गाव संपलं, चढ आला. तो म्हणाला, "सार, आता वरून की आतून?"

मी म्हटलं, आतून. पुढचीही सगळी गावं आतूनच घे.

त्याने आरशातून एकदा बघितलं. राणेबेन्नूर आलं. जुन्या रस्त्याच्या त्या वळणावर मी म्हटलं, इथेही एकदा आमची बस बंद पडली होती. नागराज म्हणाला, हो का सार? मी म्हटलं, हो, माझ्या बायकोने त्या बसमध्येच अर्ध्या लोकांशी ओळख करून घेतली. मग ती शाळा आली, मैदान आलं, लेकीची उलटी आली. हरिहरच्या पुलावर तुझी चप्पल आली. दावणगेरेला लोण्याचा डोसा खाताना तू शेजारच्या टेबलावरच्या बाईला कसा मेथीचा लाडू शिकवलास ते सांगितलं. चित्रदुर्गाचा किल्ला दिसला तेव्हा तू तो दरवर्षी लेकीला दाखवायचीस आणि ती दरवर्षी झोपलेली असायची, हेही सांगितलं. सगळं मला तोंडपाठ होतं. डोळे मिटून ऐकलेलं विसरत नाही बहुतेक. प्रत्येक गावात काच खाली करून मी रस्ता विचारला. शिऱ्याला नागराज हसायला लागला, म्हणाला, सार, रस्ता मला माहीत आहे. मी म्हटलं, मलाही माहीत आहे.

म्हणजे हिशेब असा झाला, सुमे. या खेपेला जाताना माझा आणि येताना तुझा. नियम मोडला तो दोन्ही बाजूंनी मोडला. भांडण मात्र मी सोडलेलं नाही. वळसा काढला तेच बरोबर होतं. ते पोर भर रस्त्यात सायकल शिकत होतं, ते मी तुला दाखवलं असतं. तू त्यावर काय म्हणाली असतीस तेही मला माहीत आहे.

तुमकूर मागे पडलं. नेलमंगलाच्या पुढे तुझा आणि माझा रस्ता एकच होतो, मग सरळ बेंगळूर. दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट चालल्या होत्या, घर जवळ आल्यावर नागराजनेही वेग वाढवला. मी हेब्बाळच्या बांधावर अण्णाने तुला गाडी शिकवली ते सांगत होतो, तू पहिल्याच दिवशी ती तळ्याच्या काठापर्यंत कशी नेलीस ते. अजून निम्मंही सांगून झालं नव्हतं.

मी पुढे वाकलो आणि नागराजच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "स्वल्प हळू चालव."